पांढरी आणि गुलाबी: माझे टपाली मतदान

मी मुखेड विधानसभा मतदारसंघाचा मतदार आणि जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत माझी नेमणूक पहिला मतदान अधिकारी म्हणून किनवट मतदारसंघात झाली. मतदान २० नोव्हेंबरला होते आणि त्या दिवशी मी दुसऱ्यांची नावे यादीत शोधत बसणार हे उघड होते. म्हणून पहिल्या प्रशिक्षणातच नेमणुकीच्या आदेशाची प्रत जोडून टपाली मतपत्रिकेसाठीचा नमुना १२ भरून दिला. पूर्वी कर्मचारी मतपत्रिका घरी नेत आणि मतमोजणी सुरू होण्यापूर्वी ती टपालाने पोहोचली तरी चालत असे. २०२३ मध्ये नियम बदलला आणि आता सुविधा केंद्रातच मतपत्रिका घेऊन, तिथेच मत नोंदवून, ती तिथेच द्यावी लागते. मला हा बदल पटला, कारण घरी आलेल्या मतपत्रिकेकडे घरच्यांइतकेच गल्लीतल्या कार्यकर्त्यांचेही लक्ष असायचे.

दुसऱ्या प्रशिक्षणानंतर सुविधा केंद्रापुढे रांग लागली. आमच्या नांदेडकडे त्या वर्षी एक वेगळी गोष्ट होती: खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनामुळे लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेच्या मतदानाबरोबरच होती. त्यामुळे मला लोकसभेची पांढरी आणि विधानसभेची गुलाबी अशा दोन मतपत्रिका मिळाल्या. माझ्या पुढे उभे असलेले गुरुजी लोह्याचे मतदार होते. लोहा नांदेड जिल्ह्यात असले तरी ते लातूर लोकसभेत मोडते, म्हणून त्यांच्या हाती एकच गुलाबी कागद आला. "तुमचं बरंय सर, दोन-दोन मतं," असे ते हसत म्हणाले. दोन मतांबरोबर कागदही दुप्पट येतात, हे तेव्हा त्यांच्या किंवा माझ्या ध्यानात आले नव्हते.

प्रत्येक मतपत्रिकेबरोबर एक घोषणापत्र, एक लहान लिफाफा आणि एक मोठा लिफाफा असतो. घोषणापत्राला कर्मचारी नुसते 'तेरा-ए' म्हणतात. त्यावर मतदाराने सही करायची आणि तिथेच बसलेल्या राजपत्रित अधिकाऱ्याने ती साक्षांकित करायची. शाईचा पॅड सुकत आला होता, त्यामुळे त्यांचा शिक्का अर्धाच उमटला. मी आग्रह धरून तो पुन्हा मारून घेतला. यात अतिरेक काहीच नव्हता. मोजणीच्या वेळी आधी घोषणापत्रच पाहतात आणि त्यावर साक्षांकन नसेल किंवा मतपत्रिकेचा क्रमांक जुळत नसेल, तर आतला लहान लिफाफा न उघडताच मत बाद होते.

मत नोंदवण्यासाठी शाळेच्या बाकावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला होता. बाक पाचवीच्या मुलांचा, त्यामुळे मला जवळजवळ उकिडवे बसावे लागले. कोणाला मत द्यायचे हे ठरलेले असल्याने दोन्ही कागदांवर खूण करायला मिनिटही लागले नाही. खरी परीक्षा पुढे होती. मी गुलाबी मतपत्रिकेची घडी घातली, ती हाताला आलेल्या लहान लिफाफ्यात सरकवली आणि डिंकाची बाटली उचलली. "ओ सर, थांबा, आधी नंबर बघा," टेबलावरचा तरुण कर्मचारी म्हणाला. लिफाफ्यावर लाल शाईने लिहिलेला क्रमांक पांढऱ्या मतपत्रिकेचा होता. डिंक लागला असता तर माझी दोन्ही मते स्वतःच्या हाताने वाया गेली असती, आणि तेही निवडणुकीच्या प्रशिक्षणाहून नुकतेच उठल्यावर. त्याने कागदांकडे पाहिलेही नव्हते, फक्त लिफाफ्यावरचा आकडा वाचला होता. त्या एका गोष्टीसाठी मी त्याचे दोनदा आभार मानले. मग प्रत्येक आकडा बोटाने दाखवत जुळवला, दोन्ही लहान लिफाफे चिकटवले, ज्याचे त्याचे घोषणापत्र त्याच्यासोबत मोठ्या लिफाफ्यात घातले आणि दोन्ही मोठे लिफाफे पेटीत टाकले. या सगळ्याला चाळीस मिनिटे लागली. गावी यंत्रावर दोन बटणे दाबून मी रांगेसकट त्याहून लवकर मोकळा झालो असतो.

नांदेड लोकसभेचा निकाल अवघ्या १,४५७ मतांच्या फरकाने लागला. तो आकडा ऐकला तेव्हा मला कोणता पक्ष नव्हे, तो सुकलेला शाईचा पॅड आठवला.

२० तारखेला किनवट तालुक्यातल्या माझ्या केंद्रावर मतदारांची चिन्हांकित यादी उघडली, तेव्हा एका नावासमोर 'पीबी', म्हणजे पोस्टल बॅलट (टपाली मतपत्रिका), अशी नोंद होती. ते कोणी माझ्यासारखेच दुसऱ्या गावात नेमणुकीवर गेलेले असणार. मी त्या नावाखाली पट्टी सरकवली आणि पुढच्या मतदाराचा अनुक्रमांक मोठ्याने वाचला.