‘दोन’चा आकडा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत, बजाजनगरच्या एका गाळ्यात आमचं ऑफिस आहे. दहा-बारा ठेकेदारांचं पगारपत्रक, पीएफ आणि ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, आम्ही भरतो. महिना संपला की कुणी हजेरीचं मस्टर आणून देतं, कुणी त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं. मी एक्सेलमध्ये नावं, दिवस आणि पगार भरते, पोर्टलवर चढवते आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत चलान काढते. नऊ वर्षं हेच काम करते आहे. त्या नऊ वर्षांत, मी ज्यांची नावं भरते त्यांच्यापैकी फार थोडी माणसं मला समोर बसलेली दिसली.

१८ जानेवारी २०२४ ला, संक्रांत होऊन तीन दिवस झाले होते, तेव्हा एक मामा आले. चाळिशी ओलांडलेले, अंगात जुना स्वेटर, हातात प्लॅस्टिकची पिशवी. दारातच चपला काढल्या. चपला राहू द्या म्हटलं तरी अनवाणीच आत आले.

“ताई, आमचं ईएसआयसी इथूनच भरायलेत ना?”

त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर मागे आमचा शिक्का होता. ठेकेदाराचा फोन लागेना, म्हणून तो पत्ता शोधत आले होते. मूळचे अंबड तालुक्यातले. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात अंबडही होता. म्हणजे गावाकडे जाऊनही हाताला काही नव्हतं. चार वर्षं एका गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत ठेकेदाराकडून मशीनवर होते. धनत्रयोदशीला, १० नोव्हेंबरला, शेवटची शिफ्ट केली. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, येऊ नका.

महिना उलटल्यावर रांजणगावातल्या एका पोरानं त्यांना सांगितलं, काम गेलं तर ईएसआयसीत पैसे मिळतात. नेट कॅफेत अर्ज भरला. आदल्या दिवशी शाखा कार्यालयातून बोलावणं आलं होतं.

“तिथं सांगायलेत, तुम्ही स्वतःहून काम सोडलंय. मी कशाला सोडू ओ ताई? दोन लेकरं शिकायलेत माझी. मालकाकडून लेखी आणा म्हणले.”

ही योजना म्हणजे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. नियम मला पाठ होते, कारण कोविडमध्ये त्यांची फार चौकशी व्हायची. १ जुलै २०१८ ला सुरू झाली तेव्हा सरासरी कमाईच्या २५ टक्केच मिळायचे, तेही ९० दिवस बेकार राहिल्यावर, आणि अर्ज शेवटच्या मालकामार्फत. २०२० मध्ये ते ५० टक्के झालं, ३० दिवसांनंतर मागता येऊ लागलं आणि कामगाराला थेट अर्ज करता येऊ लागला. अट अशी की दोन वर्षं विम्याची नोकरी हवी. काम जाण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवस वर्गणी भरलेली हवी आणि त्या दोन वर्षांतल्या बाकी तीन सहामाह्यांपैकी निदान एकीत तेवढीच. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मिळणार जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तेही आयुष्यात एकदाच.

मी त्यांचा विमा क्रमांक टाकला. दिवस भरत होते. पुन्हा मोजून पाहिले, तरी भरत होते. मग अडलं कुठं ते बघायला मी डिसेंबरची एक्सेल उघडली.

ज्याचे महिन्याचे दिवस शून्य असतात, त्याच्यापुढे त्या एक्सेलमध्ये कारणाचा आकडा टाकावाच लागतो. १ म्हणजे रजेवर, २ म्हणजे नोकरी सोडली, ३ म्हणजे निवृत्त, ५ म्हणजे मृत, ९ म्हणजे संप किंवा टाळेबंदी, १० म्हणजे कामगार कपात, ११ म्हणजे काम नाही. मामांच्या नावापुढे २ होता. त्यांच्या वरच्या ओळीतही २. खालीही २. त्या ठेकेदाराची २६ माणसं ओळीनं, सगळ्यांपुढे २.

ते मीच भरलं होतं. १२ जानेवारीला, शुक्रवारी. पहिल्या ओळीत आकडा टाकला, माऊसनं कोपरा धरला आणि खाली ओढला. दोन सेकंदांचं काम. कुणाला काढलं, कोण गेलं, मी विचारलं नव्हतं. ठेकेदारानं नावांवर रेघ मारलेली यादी पाठवली होती आणि रेघ म्हणजे ‘दोन’ ही आमच्या ऑफिसची जुनी सवय. माझ्या आधीच्या बाईंनी मला तसंच शिकवलं होतं.

स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला ही योजना लागू नाही. गैरवर्तनाबद्दल काढलेल्याला नाही, बेकायदा ठरलेल्या संपातल्याला नाही, निवृत्तीच्या वयाला पोचलेल्याला नाही. मी त्या एका ओढीत २६ जणांना दाराबाहेर उभं केलं होतं.

मामांना मी हे तिथल्या तिथे सांगितलं. लपवावंसं वाटलं नाही. त्यांना वाटलं मी समजावते आहे, ते म्हणाले, “असू द्या ताई, तुम्हाला काय माहीत.” मला त्या वाक्यानं जास्त लागलं.

मग हिशेब करून दिला. ही मदत शेवटच्या पगारावर ठरत नाही. मागच्या चार सहामाह्यांतली सगळी कमाई घ्यायची आणि ७३० नं भागायची. मामांचा पगार महिना १४,०००. त्यातून त्यांचे पाऊण टक्का, म्हणजे १०५ रुपये कापले जायचे, आणि मालकाचे सव्वातीन टक्के, म्हणजे ४५५. पण २०२२ मध्ये आईच्या दुखण्यात ते दोन महिन्यांहून थोडे जास्त दिवस बिनपगारी गावी राहिले. त्यामुळे एकूण ३,०६,६०० आली. भागाकार ४२०, त्याचा निम्मा २१० रुपये रोज, ९० दिवसांचे १८,९००. ते दिवस गेले नसते तर २३० रोज झाला असता. आईजवळ बसण्याचे दिवस सरासरीतून वजा होतात, हे मला तोवर आकड्यांत कधी दिसलं नव्हतं.

“अठरा हजार?” मामांनी दोनदा विचारलं. त्यांना वाटत होतं, दोन-तीन हजार मिळतील.

शिवाय, एप्रिल ते सप्टेंबर २०२३ ची वर्गणी भरलेली असल्यानं ३० जूनपर्यंत घरातल्यांना चिकलठाण्याच्या ईएसआय दवाखान्यात उपचार मिळणार होते, हेही सांगितलं. बायकोच्या थायरॉईडच्या गोळ्या त्यांनी डिसेंबरपासून बंद केल्या होत्या. काम गेलं म्हणजे कार्डही गेलं, असा समज.

आता पुरावा. मामांच्या पिशवीत फायनल हिशेबाचा कागद होता. उरलेल्या दिवसांचा पगार देताना ठेकेदाराच्या माणसानं सही घेतलेली, वर छापलेलं, “वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.” मामा सही करतात, पण वाचायला त्यांना वेळ लागतो आणि मागे रांग उभी होती. तो कागद बघून माझे हातपाय गार पडले. मग त्यांनी फोन काढला. सुपरवायझरनं १६ नोव्हेंबरला ग्रुपवर टाकलेला मेसेज अजून होता: खालील कामगारांनी पुढील सूचना मिळेपर्यंत कामावर येऊ नये. खाली २६ नावं. बारावं नाव मामांचं.

मी त्याची प्रिंट काढली आणि सरांच्या टेबलावर ठेवली. सर म्हणाले, “आपण ठेकेदाराकडून पैसे घेतो, कामगाराकडून नाही.” ते वाईट नाहीत, आमच्या धंद्याचं गणित त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, चूक आपल्या एक्सेलमधली आहे आणि शाखेत प्रश्न आपल्यालाच विचारतील. ते गप्प बसले. त्यांच्या गप्प बसण्याला मी होकार धरला.

ठेकेदार संध्याकाळी फोनवर मिळाले. भडकले. “मॅडम, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?” त्यांची भीती मला कळत होती. चलान भरून झाल्यामुळे तो आकडा मला इथून बदलता येत नव्हता, पत्रच द्यावं लागणार होतं. आणि पत्रात कामगार कपात लिहिली की प्रश्न वाढतात. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे कपात करायची तर महिन्याची नोटीस लागायची, भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागायची. रीतसर कपात झाली तर कामगाराला राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत बेकारी भत्त्याची मागणी करता येते. ती २००५ पासून आहे आणि तिची मुदत २४ महिन्यांपर्यंत जाते, पहिल्या वर्षी पगाराच्या निम्म्यानं. म्हणजे एकाच माणसापुढे २ लिहिला तर शून्य दिवस, ११ लिहिला तर ९० दिवस आणि कायद्यानं १० लिहिता आला तर दोन वर्षं. मी नऊ वर्षं तो रकाना सगळ्यात कमी महत्त्वाचा समजत होते.

मामांना मी सांगितलं की कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा, भरपाई मागा. ते नको म्हणाले. “ताई, हाच ठेकेदार परत बोलवील. वाद केला की वाळुजात कुणी गेटच्या आत घेत नाही.” मला अजून वाटतं, त्यांनी जायला हवं होतं. पण घर त्यांना चालवायचं होतं, मला नाही.

शेवटी पत्र मिळालं. ‘मूळ कंपनीकडून काम कमी झाल्यामुळे कामावरून कमी केले,’ एवढंच. ते मीच टाईप केलं, सव्वीसच्या सव्वीस नावांचं, आणि ठेकेदारांनी तोंड वाकडं करून सही केली. मामा दुसऱ्या दिवशी पत्र, मेसेजची प्रिंट, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स घेऊन शाखेत गेले. तिथल्या बाईंनी सगळं नीट वाचून घेतलं, असं त्यांनी येऊन सांगितलं. पैसे मार्चमध्ये खात्यावर आले, १८,९००. नवं काम त्यांना मिळालं गुढीपाडव्याला, शेंद्र्याकडे. नव्वद दिवस फेब्रुवारीतच संपले होते; पुढचे दोन महिने त्यांनी उसाच्या रसाच्या गाड्यावर काढले.

बाकी पंचवीस जणांची यादी मी घरी नेली. पूर्ण यादी तपासली तर सात जणांची दोन वर्षं भरत नव्हती. पाच जणांना ठेकेदारानं मध्येच ‘ब्रेक’ दिलेला, त्यांचे ७८ दिवस हुकले होते. मामांसकट चौदा जण बसत होते. दोघांना दुसऱ्याच आठवड्यात काम लागलं होतं. नऊ जणांचे अर्ज गेले. तिघांचे फोन बंद.

त्यातला मंठ्याचा एक नंबर मे महिन्यात लागला. बायकोनं उचलला. नवरा चाकणला गेला होता, हेल्पर म्हणून, एका खोलीत सात जण राहत होते. मी कुठून बोलते ते सांगितलं, ईएसआयसीचे पैसे म्हटलं.

“कसले पैसे? आम्ही कुणाचं काय घेतलेलं नाही,” ती घाबरून म्हणाली.

“घेतलेलं नाही, तुमचेच आहेत,” मी म्हटलं, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.