मोहरीने माती धुता येते का? तुम्ही विचारलंत म्हणून

तुमसर-रामटेक पट्ट्यातल्या मॅंगनीज खाणींजवळचे आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या राखेशेजारचे शेतकरी एकच विचारतात: मोहरी किंवा सूर्यफूल लावलं की मातीतले जड धातू निघतील का, आणि तो धातू विकता येईल का?

आधी हिशोब करू. एका एकरात वरची 15 सेंटिमीटर माती भरते साधारण 790 टन. शिसं किलोमागे 300 मिलिग्रॅमवरून 200 वर आणायचं म्हणजे एकरातून जवळपास 79 किलो शिसं बाहेर काढायचं. मोहरीचा वाळलेला पाला दोन टन धरा, त्यात किलोमागे 100 मिलिग्रॅम शिसं धरा, आणि हे दोन्ही आकडे मी सढळ हाताने धरतोय. एका पिकात निघालं 200 ग्रॅम. म्हणजे चारशे हंगाम.

धातू खाणाऱ्या वनस्पती खोट्या नाहीत. वाळलेल्या पानात किलोमागे एक ग्रॅमहून जास्त निकेल साठवणाऱ्या झाडांना 1977 पासून वेगळं नावच आहे. न्यू कॅलेडोनियातल्या एका झाडाचा चीक निळसर-हिरवा असतो आणि वाळवला तर त्याचा चौथा हिस्सा निकेल भरतो. अल्बानियात मोहरीच्याच कुळातल्या एका झुडपाने हेक्टरी शंभरेक किलो निकेल दिलं. पण ती जमीन सर्पेंटाइन खडकाची, निकेलने मुळातच भरलेली. मॅंगनीजचं तर विचारूच नका. खनिजाचे दगड ढिगाऱ्यात पडलेले असताना पाला जाळून मॅंगनीज कोण काढेल?

आपल्या काळ्या मातीची अडचण आणखी वेगळी. चुनखडीमुळे सामू 8 च्या आसपास, त्यामुळे धातू मातीला घट्ट धरून बसतात. जस्त जमिनीत असूनही कपाशीला मिळत नाही, म्हणून आपण एकरी 10 किलो झिंक सल्फेट टाकतो. जे पिकाला लागतं तेच मुळाला सुटत नाही, तिथे शिसं कसं सुटेल? ईडीटीए हे धातूला धरून विरघळवणारं रसायन टाकून धातू सोडवता येतो, पण सुटलेला सगळाच मुळात जात नाही. पहिल्या मोठ्या पावसात तो खाली उतरतो आणि विहिरीकडे निघतो. शेतात ते टाकूच नका.

मोजणीतही गफलत होते. मृदा आरोग्य पत्रिकेवरचे जस्त-मॅंगनीजचे आकडे पिकाला मिळणाऱ्या भागाचे असतात, आणि शिसं, कॅडमियम, आर्सेनिक त्यात नसतंच. प्रयोगशाळेत 'एकूण धातू, आम्लात विरघळवून' असं स्पष्ट सांगा. नागमोडी चालत आठ-दहा जागी 15 सेंटिमीटरपर्यंत माती लाकडी किंवा प्लास्टिकच्या खुरप्याने काढा. जस्ताचा मुलामा असलेली बादली घेतली तर जस्त बादलीचंच मोजलं जाईल. पानांचा नमुना धुऊनच द्या. न धुतलेल्या पानावरची राख मोजून 'पिकाने धातू ओढला' असं ठरवलेले अहवाल फार.

मग झाडांचा उपयोग काय? धातू ओढायला नाही, जागच्या जागी धरून ठेवायला. ढिगाऱ्याकडच्या धुऱ्यावर वाळा लावा: मृगाचा पाऊस धरला की दोन-तीन फुटव्यांचं ठोंब, 15 सेंटिमीटरवर एक, उताराला आडवी सलग ओळ. मधे फट राहिली की पाणी तिथूनच गाळ घेऊन येतं. ओळीमागे करंज, शिसम, बांबू. दोन फुटी खड्ड्यात निम्मं शेणखत. नुसत्या ढिगाऱ्यात सेंद्रिय अंश जवळपास नसतो, रोप पहिल्या उन्हाळ्यातच जातं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने मॅंगनीजच्या ढिगाऱ्यांवर झाडं उभी केली ती साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) आणि मुळांवरची उपयोगी बुरशी वापरून.

भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांधीत पाणी साचून राहिलं की मॅंगनीज विरघळतं, विशेषतः आम्लधर्मी मातीत. धान ते बरंच सोसतं. त्यामागून येणारं पीक सोसेलच असं नाही. जुन्या पानांवर तपकिरी ठिपके आले तर आधी निचरा करा, सामू कमी असेल तर चुना द्या.

तपासणीत शिसं किंवा कॅडमियम जास्त निघालं तर त्या तुकड्यात पालक-मेथी नको, कपाशी चालेल. पराटी (कपाशीच्या वाळल्या काड्या) मात्र चुलीत घालू नका, आणि बकऱ्या तिकडे सोडू नका.