तुम्ही विचारलंत म्हणून: प्लुटोनियम वेगळं काढतात तरी कसं?

अणुऊर्जेचा धडा झाला की बारावीच्या वर्गात हा प्रश्न हमखास येतो. वापरलेल्या इंधनात युरेनियम, प्लुटोनियम आणि ढीगभर किरणोत्सारी मूलद्रव्यं एकत्र असतात, मग त्यातलं हवं ते नेमकं निवडायचं कसं?

आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून निघालेल्या इंधनात जवळजवळ 99 टक्के युरेनियमच उरलेलं असतं. प्लुटोनियम टनामागे चारेक किलो. एवढा ऐवज पुरून टाकायला माझं मन धजत नाही.

इंधन काही वर्षं पाण्याच्या टाकीत थंड करतात, मग कापून गरम नायट्रिक आम्लात विरघळवतात. झिर्कोनियमच्या नळ्यांचे तुकडे तसेच तळाशी राहतात. या द्रावणात केरोसीनसारखं तेल घुसळायचं, त्यात सुमारे 30 टक्के ट्रायब्युटिल फॉस्फेट, म्हणजे धातूंना धरून ठेवणारं एक सेंद्रिय संयुग. युरेनियम (+6) आणि प्लुटोनियम (+4) नायट्रेटसह त्याला धरून तेलात चढतात; कंसातला आकडा म्हणजे अणूची ऑक्सिडेशन अवस्था, इलेक्ट्रॉन मिळाला की तो कमी होतो. सीझियम, स्ट्रॉन्शियम ही किरणोत्सारी मूलद्रव्यं आम्लातच राहतात. आयोडीनचं पाणी आणि हेक्झेन सेपरेटिंग फनेलमध्ये हलवून मी वर्गात दाखवते, तेव्हा वरचा थर जांभळा होतो. तत्त्व तेच.

खरी कमाल पुढे आहे. प्लुटोनियमला फक्त एक इलेक्ट्रॉन द्यायचा. +4 चं +3 झालं की फॉस्फेटची त्याच्यावरची पकड सुटते, तपकिरी-हिरवट रंग जाऊन निळा येतो आणि ते पाण्यात उतरतं. युरेनियम तेलातच राहतं. हा इलेक्ट्रॉन द्यायला +4 अवस्थेतलं युरेनियमच वापरता येतं, म्हणजे इलेक्ट्रॉन देण्यासाठी बाहेरून लोखंड मिसळून कचरा वाढवायला नको. मला हे फार देखणं रसायनशास्त्र वाटतं. 1960 च्या दशकात होमी सेठना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॉम्बेला हा कारखाना उभा केला, याचा अभिमानही वाटतो.

कागदावर सोपं आहे, प्रत्यक्षात नाही. किरणोत्सारानं फॉस्फेटच तुटतं, आणि त्याचे तुकडे प्लुटोनियमला सोडत नाहीत. म्हणून तेल सोडियम कार्बोनेटनं पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. सगळं जाड काँक्रीटच्या भिंतीआड.

उरलेलं आम्ल बोरोसिलिकेट काचेत गोठवतात. त्यातलंच सीझियम-137 वेगळं काढून काचेच्या कांड्या करतात, आणि रुग्णाला चढवायच्या रक्तावर त्या कांड्यांचे किरण सोडतात. दात्याच्या पेशींनी दुर्बल रुग्णावर उलटू नये, यासाठी.