दोन फुटी टाकीचा सीओटू: गुळाची बाटली बंद, लिंबूसत्व सुरू

माशांची आणि पाणवनस्पतींची टाकी 60 × 30 × 36 सेंमी, माती-दगड वजा जाता पाणी साधारण 50 लिटर. झाडं: मागे रोटाला आणि लुडविजिया, पुढे मॉन्टे कार्लो. लाइट टायमरवर रोज सात तास. या टप्प्यात लाइट आणि खत तसंच ठेवून झाडांसाठी पाण्यात सोडायच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅसचा फक्त स्रोत बदलला, म्हणजे फरक कशानं पडला हे कळतं.

आधी यीस्टची बाटली होती: यीस्ट साखर खाऊन सीओटू सोडतं. कोल्हापुरात तिच्यात साखरेऐवजी गूळ घालायचा मोह होणारच. गूळ चालतो, पण फेस फार येतो आणि तो नळीतून टाकीत उतरला की पाणी दुधाळ होतं. खरी अडचण वेगळीच. पहिले तीन-चार दिवस गॅस धो-धो येतो, मग ओसरत जातो. एप्रिलच्या उकाड्यात तर आणखी लवकर. कमी गॅसशी झाडं जुळवून घेतात, रोज बदलणाऱ्या गॅसशी नाही. पानांच्या कडांना काळं ब्रश शेवाळ धरतं, त्यामागे बहुतेक वेळा हा चढउतारच असतो.

म्हणून आता नळीनं जोडलेल्या दोन बाटल्या: एकीत लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड), दुसरीत खायचा सोडा; दोन्ही मिसळले की सीओटू निघतो. बाटल्या कोल्ड्रिंकच्याच घ्याव्यात. पाण्याच्या बाटल्या एवढा दाब धरत नाहीत, आणि पांढरे चरे पडलेली बाटली परत वापरू नये. जिकडेतिकडे 200 ग्रॅमला 200 ग्रॅम असं प्रमाण सांगतात. त्यात लिंबूसत्व उरतं. 200 ग्रॅम सोड्याला खडेदार, पाणी धरलेलं लिंबूसत्व 170 ग्रॅम पुरतं, निर्जल असेल तर 155. एवढ्या सोड्यातून सुमारे 105 ग्रॅम, म्हणजे 57-58 लिटर गॅस निघतो. सोड्यात 200 मिली पाणी घाला. सगळा विरघळत नाही, हरकत नाही. लिंबूसत्व 300 मिली पाण्यात पूर्ण विरघळवा. धुण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर घेऊ नका.

लिंबूसत्वाची बाटली हलकेच दाबून थोडं-थोडं पाणी सोड्याच्या बाटलीत सोडायचं, गेजवर 1 ते 2 किलो दाब दिसेपर्यंत. सोड्याची बाटली गार लागते, ते बरोबर आहे. ही क्रिया उष्णता शोषून घेते. एकदम जास्त सोडलं तर फेस वर चढतो आणि नीडल व्हॉल्व्हमध्ये (गॅस कमी-जास्त करायची बारीक तोटी) सोड्याचं मीठ बसतं. मग बुडबुडे आपोआप कमी होतात आणि आपण उगाच गळती शोधत बसतो. गळती शोधायचीच तर प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा. नळी पीयूची (पॉलियुरेथेन) हवी, सिलिकॉनमधून सीओटू झिरपतो. डिफ्यूझरच्या (गॅसचे बारीक बुडबुडे करणारी चकती) आधी चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) लावायलाच हवा, नाहीतर दाब संपल्यावर टाकीचं पाणी बाटलीत येतं.

सुरुवात दोन सेकंदांना एक बुडबुडा. पाण्यातला सीओटू रंगावरून दाखवणाऱ्या ड्रॉप चेकरमध्ये टाकीचं पाणी नको, 4 केएचचं (कार्बोनेट कठीणपणाचं माप) द्रावण हवं. 1.2 ग्रॅम खायचा सोडा 1 लिटर डिस्टिल्ड पाण्यात (हे झालं 40 केएच), त्यातले 100 मिली घेऊन पुन्हा डिस्टिल्ड पाण्यानं 1 लिटर करायचं, वर ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब. हिरवा म्हणजे 30 पीपीएमच्या आसपास, निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे धोका. रंग एक-दोन तास उशिरा बदलतो, त्यामुळे व्हॉल्व्हला दर दहा मिनिटांनी हात लावू नका.

गॅस लाइट लागायच्या दोन तास आधी सुरू, लाइट बंद व्हायच्या एक तास आधी बंद. सॉलेनॉइड (गॅस चालू-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) लाइटच्याच टायमरवर नको, वेगळ्या टायमरवर लावा. वीज गेली की सॉलेनॉइड मिटतो, हे आपल्याकडे फार मोलाचं आहे. सॉलेनॉइड नसलेल्या साध्या बाटलीत वीज जाऊन फिल्टर बंद पडला तरी गॅस चालूच राहतो. उन्हाळ्यात पाणी 30 अंशांवर गेलं की ऑक्सिजन तसाच कमी असतो. मासे वर येऊन तोंड मारू लागले तर आधी गॅस तोडा, मग हवेचा पंप लावा. रात्री पंप चालू ठेवलेला बरा.

सध्या लाइट लागताना चेकर हिरवा असतो आणि दुपारनंतर रोटालाच्या पानांवर ऑक्सिजनचे बुडबुडे धरतात. मॉन्टे कार्लो उभं वाढायचं थांबून आडवं पसरतंय. नव्या पानांवर काळं शेवाळ नाही; जुनी पानं सुधारत नाहीत, ती कापून टाकली. डिफ्यूझर हिरवा झाला की रात्रभर ब्लीचच्या पाण्यात, नंतर क्लोरीन घालवणाऱ्या हायपोच्या (सोडियम थायोसल्फेट) पाण्यात, मग स्वच्छ धुवून परत.

पुढचा टप्पा सिलिंडरचा. उद्यमनगरच्या फाउंड्र्या आणि वेल्डिंगवाल्यांमुळे या शहरात सीओटू हा ओळखीचा गॅस आहे. मात्र सिलिंडर उभाच ठेवायचा, आडवा केला तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. 31 अंशांवर आत द्रव राहत नाही आणि दाब झपाट्यानं चढतो, म्हणून तो उन्हात किंवा बंद गच्चीवर नको. किती गॅस उरलाय हे गेजवर कळत नाही, वजन करूनच पाहावं लागतं. आणि रेग्युलेटर दोन टप्प्यांचा घ्यावा: एका टप्प्याच्या स्वस्त रेग्युलेटरात सिलिंडर संपत आला की बाहेरचा दाब वाढतो, आणि त्या एका रात्रीत टाकीतले सगळे मासे जाऊ शकतात.