जीपचा ब्लोअर आणि चोर्ल्याचे धुके

गोव्यात गाडीला हीटर कशाला, असे विचारणाऱ्यांनी जुलैमध्ये एकदा चोर्ला घाट चढून पाहावा; समोरची काच आतून अशी धुरकटते, की ती पुसायला तिसरा हात हवासा वाटतो. माझ्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपचा ब्लोअर, म्हणजे हीटरची हवा काचेवर फेकणारा पंखा, आधी किरकिरू लागला, मग ठप्पच झाला. फक्त कमी वेग बंद असते, तर संशय पंख्याचा वेग कमी करणाऱ्या रेझिस्टरवर गेला असता; इथे मात्र कुठल्याच वेगावर पंखा हलत नव्हता आणि फ्यूज शाबूत होता. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून डाव्या बाजूने डॅशबोर्डखालची मोटर उतरवली आणि थेट १२ व्होल्ट देऊनही ती ढिम्म राहिली, तेव्हा निदान पक्के झाले. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश पार झिजले होते आणि शाफ्टवर खाऱ्या हवेचा तांबूस गंज चढला होता.

नवी मोटर म्हापशात मिळाली. जुना पंखा शाफ्टवरून सरळच ओढावा. वाकडा जोर लावल्यास पाती तडकतात आणि समतोल बिघडून थरथर सुरू होते. वायरी उलट जोडल्या गेल्या तरी हा पिंजऱ्यासारखा गोल पंखा हवा पुढेच फेकतो, मात्र दुबळी, त्यामुळे फिरण्याची दिशा आधीच तपासलेली बरी. मोटर बसते तिथली फोमची पट्टी नवीनच घ्यावी. जुनीचा भुगा होतो आणि तो थेट डोळ्यांत येतो.