साल्हेर, बावीस वर्षं उशिरा

माझं माहेर चिपळूण. २००३ साली नवरा मला बघायला आला तेव्हा आमच्या ओटीवर पोहे खाता खाता सगळ्यांसमोर त्याने विचारलं, "तुम्हाला किल्ले आवडतात का?" आता अशा वेळी मुलगी काय म्हणणार, म्हणलं हो, आवडतात की. तोपर्यंत मी शाळेच्या सहलीत एक प्रतापगड बघितला होता आणि त्यातलंही मला वर प्यायलेलं सरबत सोडून काही आठवत नव्हतं. तो एकदम खुश, म्हणाला मग लग्न झालं की पहिलं साल्हेर. मला वाटलं असेल काहीतरी हिल स्टेशन.

लग्नानंतर गेलो महाबळेश्वरला, कारण सासूबाईंनी बुकिंग आधीच करून ठेवलं होतं. मग मुलगा झाला, मग फ्लॅटचे हप्ते, मग सासऱ्यांचं आजारपण, मग कोरोना. नवरा मित्रांबरोबर इकडचे तिकडचे किल्ले करत राहिला पण साल्हेरला मुद्दाम गेला नाही, "ते आपलं दोघांचं ठरलंय" म्हणायचा. मला हे गोडही वाटायचं आणि थोडं प्रेशरही यायचं, खरं सांगते.

मग जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले आणि त्यात साल्हेर! त्या दिवशी आमच्या घरात बातमी एवढ्या वेळा लागली की मुलाने हॉस्टेलवरून फोन करून विचारलं बाबा बरे आहेत ना. माझं आपलं एकच, आता गर्दी वाढायच्या आत जाऊन येऊ. डिसेंबरमध्ये शनिवार-रविवार धरून निघालो.

नाशिकहून सटाणा, पुढे ताहाराबाद, मग मुल्हेर. सटाण्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूला डाळिंबाच्या बागा आणि कांद्याची लागवड चालू होती, बायका ओळीने वाकलेल्या, आणि सगळ्या शिवाराला तो ओल्या मातीचा आणि कांद्याच्या रोपांचा उग्र वास. आम्ही कोकणातले लोक उगाच समजतो की हिरवं म्हणजे फक्त आमच्याकडे. ताहाराबादला चहा प्यायला थांबलो, तिथे आजूबाजूला सगळी अहिराणी चाललेली, मला अर्धं कळत होतं आणि अर्ध्याचा मी अंदाज लावत होते.

पहिला दिवस मुल्हेर. बागलाण म्हणजे हा सगळा पट्टा, इथे बागूल राजांचं राज्य होतं आणि मुल्हेर त्यांची राजधानी. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा व्यापारी रस्ता बागलाणातून जायचा म्हणून सगळ्यांचा डोळा यावर. १६३८ मध्ये औरंगजेबाने, म्हणजे तेव्हा शहजादाच होता तो, हे राज्य जिंकून मोगलांना जोडलं. हे सगळं नवरा गाडी चालवताना सांगत होता आणि मी मोसंबी सोलून त्याला देत होते, आमच्या संसारात इतिहासाचा तास असाच होतो.

गावात उद्धव महाराजांचं मंदिर आहे, कोजागिरीला इथे रासक्रीडा असते, त्यासाठी परत यायचं ठरलंय (बघू आता किती वर्षांनी). किल्ल्यावर आम्ही पूर्ण गेलोच नाही, माचीवर सोमेश्वराच्या देवळापर्यंत गेलो. झाडीत लपलेलं जुनं दगडी देऊळ, आत गारवा, बाहेर वानरं. एका वानराने नवऱ्याच्या सॅकची चेन उघडून राजगिऱ्याचे लाडू पळवले, आणि चेन उघडून म्हणजे खरंच उघडून, फाडून नाही. नवरा म्हणाला उद्यासाठी ठेवले होते गं. मी हसून हसून तिथेच पायरीवर बसले. वर बालेकिल्ला, शेजारी मोरागड, समोर हरगड, सगळं त्याने बोटाने दाखवलं, मी मान डोलावली. मला तेव्हा सगळे डोंगर सारखेच दिसत होते.

रात्री वाघांब्याला एका घरी राहिलो. आधी जवळच्या एका गावात लॉजवर रूम बुक केली होती पण तिथली चादर बघून मी म्हणलं मी गाडीत झोपते, मग नवऱ्याने दोन फोन केले आणि ही सोय झाली. नागलीची भाकरी, उडदाची डाळ, लसणाचा ठेचा. घरातल्या ताई चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होत्या आणि मधेच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "या बुटांवर जाणार?" माझे बूट मॉर्निंग वॉकचे, गुलाबी लेसवाले. मी म्हणलं हो. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त अजून एक भाकरी वाढली.

सकाळी सहाला निघालो. थंडी अशी की कान दुखत होते. वाघांब्यातून वर चढत खिंडीत यायचं, खिंडीच्या एका अंगाला साल्हेर आणि दुसऱ्या अंगाला सालोटा. सालोटा म्हणजे कुणीतरी ताटात शिगोशीग भाताची मूद काढावी तसा, आणि इतका जवळ की हात लावावासा वाटतो. खिंडीत बसून पाणी प्यायलो आणि तिथे नवऱ्याने मला १६७२ ची लढाई सांगितली. मी ती आधी पण ऐकलीय, घरी, बऱ्याच वेळा, पण जागेवर ऐकणं वेगळं. दुसऱ्यांदा सुरत लुटल्यावर, १६७१ च्या सुरुवातीला महाराजांनी साल्हेर घेतला. तो परत घ्यायला मोगलांनी वेढा घातला, इखलासखान आणि बहलोलखान होते. मग मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर दोघं दोन बाजूंनी आले, आणि ही लढाई गनिमी काव्याची नाही, उघड्या मैदानात समोरासमोर झाली, आणि जिंकली. महाराजांचे सरदार सूर्यराव काकडे इथे पडले, जंबुऱ्याचा, म्हणजे लहान तोफेचा, गोळा लागून. बखरीत त्यांना कर्णाची उपमा दिलीय. नवरा हे सांगताना दर वेळी काकडेंपाशी येऊन थोडा थांबतो. या वेळी पण थांबला, आणि खाली त्या पिवळ्या पडलेल्या गवताकडे बघत राहिला, मग म्हणाला चल, ऊन होईल.

खिंडीतून पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, काही गुडघ्याएवढ्या उंच, मधल्या भागाला पाय लागून लागून पन्हळीसारखा खोलगटपणा आलेला. मग दरवाजे, मग कड्याच्या पोटातून आडवी वाट, एका हाताला गुहांची रांग आणि दुसऱ्या हाताला काहीच नाही. म्हणजे खरंच काहीच नाही, हवा. मी भिंतीला घासत घासत गेले, पंजाबी ड्रेसला पांढरी माती लागली ती अजून निघाली नाहीये. माझे गुलाबी बूट मात्र कुठे घसरले नाहीत हे मी इथे नमूद करते.

घसरला तो नवरा. एवढे सगळे किल्ले केलेला माणूस, एका साध्या मुरमाच्या उतारावर पाय सरकला आणि उजवा गुडघा पिरगळला. पडला नाही, पण चेहरा पांढरा झाला. मी म्हणलं परत जाऊ, तर म्हणाला नाही, पठार आलंच. तसा लंगडत माझ्या खांद्यावर हात टाकून वरच्या पठारावर आला, गंगासागर तलावापाशी. तिथे रेणुकेचं देऊळ आहे. म्हणजे आई खाली पठारावर आणि मुलगा परशुराम वर शिखरावर, अजून एक चढ चढून. नवऱ्याने गुडघ्याला नीकॅप चढवली, उभा राहून दोन पावलं टाकून बघितली, आणि बसला.

"तू जाऊन ये."

मी म्हणलं वेडा आहेस का, मी एकटी काय करू वर. त्याचं म्हणणं, "एकटी कुठे, ती मुलं चाललीयत की." धुळ्याची पाच-सहा कॉलेजची मुलं होती. मला खरं तर रडू येत होतं, बावीस वर्षं ज्याने वाट बघितली तो खाली आणि मी वर, हा काय न्याय झाला. पण त्याने माझी बाटली भरून दिली, स्वतःची टोपी माझ्या डोक्यात घातली आणि तोंड फिरवून तलावातल्या पाण्यात खडे मारायला लागला. मग मी गेले.

चढ फार नाही पण वारा. ओढणी कमरेला बांधली तरी फडफडत होती. एक मुलगा सारखा मागे वळून "काकू, ठीक ना?" विचारत होता. वर एवढंसं देऊळ, आत परशुरामाच्या पादुका. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, कळसूबाईनंतर उंचीला हाच. परशुरामाने सगळी पृथ्वी दान केल्यावर स्वतःला राहायला जमीन हवी म्हणून इथून बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण काढलं अशी कथा आहे. लहानपणापासून मी चिपळूणच्या परशुरामाला जातेय, कथा पाठ आहे, पण बाण कुठून सोडला हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी तिथे उभी राहून कोकण कुठल्या दिशेला असेल ते बघत बसले, दिसणार काय कपाळ, पण बघितलं.

खाली आले तर नवरा तसाच बसलेला. मी मोबाईल काढला, इतके फोटो काढलेत म्हणलं. त्याने हात केला, "फोटो नंतर. आधी सांग काय दिसलं."

आता मला नावं कुठे माहीत. म्हणलं एका बाजूला दोन सुळके, शेजारी शेजारी, भांडून तोंड न बघता बसलेल्या जावांसारखे.

"मांगी-तुंगी."

एक लांब डोंगर, मधे खाली आलेला, परत वर गेलेला, उंटासारखा.

"काल आपण होतो तिथे. मुल्हेर आणि मोरा."

आणि लांब, पार लांब, एकाला भिंतीसारखी सोंड आणि त्या भिंतीत चौकोनी खाच. मुलांचा दुधाचा दात पडल्यावर दिसतं तशी.

त्याने डोळे मिटले होते, तसेच मिटून म्हणाला, "धोडप. धोडप दिसला तुला? एवढी हवा स्वच्छ होती?"

मग त्याने अजून विचारलं, मी अजून सांगितलं, बशीसारखा, पालथ्या कढईसारखा, आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसारखा, आणि तो एकेक नाव लावत गेला. दोन-तीन ओळखता नाही आले त्याला, तर माझ्यावरच चिडला की नीट बघितलं नाहीस. एका उतरलेल्या गुडघ्यासह पाच हजार फुटांवर बसून माझ्याशी भांडला हा माणूस. तेव्हा मला बरं वाटलं, म्हणजे ठीक आहे म्हणलं हा.

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. धुळ्याच्या मुलांनी आळीपाळीने त्याला धरलं, त्यांना आम्ही नंतर सटाण्यात मिसळ खिलवली, एकेकाने तीन-तीन पाव खाल्ले. गुडघ्याचं लिगामेंट थोडं दुखावलंय, फिजिओथेरपी चालू आहे.

संध्याकाळी वाघांब्यात सॅक उचलायला त्या घरी गेलो तर ताई दारातच उभ्या होत्या. आधी माझ्या बुटांकडे बघितलं, मग ह्याच्या पायाकडे.

"गेलात का पार वरपर्यंत?"

"हो," नवरा म्हणाला, "गेलो की."

मी काही बोलले नाही. ताईंनी चहा टाकला होता, मी पुढे होऊन कप घेतले.