तेहतिसाव्या पलटणीचा लाल

नेपोलियनविरुद्धच्या वॉटर्लूच्या लढाईतले २४ ब्रिटिश शिपाई रंगवायला घेतले तेव्हा वाटलं, कोटाचा लाल तो लाल, त्यात काय बघायचं? १/७२ मापाचे, जेमतेम इंचभराचे प्लास्टिकचे सैनिक. पलटण ३३वी. असईच्या लढाईतला आर्थर वेलस्ली १७९७ साली हिंदुस्थानात आला तो हीच पलटण घेऊन, म्हणून निवडली.

करड्या प्रायमरवर, म्हणजे अस्तराच्या रंगावर, बाटलीतला झगझगीत लाल दिला. चोवीसही जण लग्नातले बँडवाले दिसायला लागले.

मग वाचायला बसलो. साध्या शिपायाच्या कोटाचं कापड मॅडरने रंगवत. ही आपल्या मंजिष्ठेची युरोपातली बहीण. मुळांतून निघणारा रंग विटकरीकडे झुकतो. कुंकवासारखा लखलखीत लाल मिळे अधिकाऱ्यांना. तो कोचिनीलचा, निवडुंगावरच्या किड्यांपासून काढलेला आणि महाग. म्हणजे मी अख्ख्या पलटणीला बढती देऊन बसलो होतो!

रंग उतरवून पुन्हा सुरुवात. लालात थेंबभर तपकिरी, आणि दर चार-पाच जणांमागे मिश्रण जरा वेगळं. उन्हापावसात सगळे कोट सारखे विटत नाहीत. एवढ्याशा आकृतीवर रंग आहे त्याहून गडद वाटतो, म्हणून एक छटा फिकीच ठेवली. घड्यांत तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ केलेला रंग, उंचवट्यांवर नारिंगी मिसळलेला लाल. तिथे पांढरा मिसळलात तर कोट गुलाबी होतो. माझे तीन झाले. विजारी करड्या, त्या सोप्या गेल्या.

खरी डोकेदुखी कॉलर आणि बाह्यांची. प्रत्येक पलटणीची तिथली रंगखूण वेगळी: ३०वीची फिकट पिवळी, ६९वीची हिरवी. ३३वीची मात्र लालच! आधी बरं वाटलं, एक रंग वाचला. पण हातभर अंतरावरून कॉलर दिसेचना. शेवटी कडेने गडद तपकिरी रेघ ओढली. त्यासाठी तीन शून्यांचा बारीक ब्रश घेऊ नका, त्याच्या टोकावरच रंग वाळतो. चांगल्या टोकाचा एक नंबरच्या मापाचा ब्रश पुरतो. सार्जंटच्या किरमिजी कमरपट्ट्यात पलटणीच्या रंगाचा पट्टा असे. लालावर लाल काय दिसणार, म्हणून या पलटणीला तो पांढरा.

शेवटचा घोळ माझाच. ऐन जुलैत, बाहेर संततधार असताना, गॅलरीत मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला. दमट हवेने सगळ्यांवर पांढुरकं धुकं धरलं. महिन्याची मेहनत! ब्रशने ग्लॉस व्हार्निशचा हात दिल्यावर बरंचसं निवळलं. मॅट आता दिवाळीनंतर.

सध्या चोवीस जण चकाकत शोकेसमध्ये उभे आहेत. ड्रमवाल्यांचे कोट उलट्या रंगसंगतीचे असत, आणि लाल खुणेच्या पलटणीत ते पांढरे, कॉलर-बाह्या लाल. त्या एकावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. परवा आई काच पुसताना म्हणाली, "हा एक रंगवायचा राहिला का रे?"